काडी जाळणारा शेतकरी अडाणी नाही, हिशेबी आहे

एप्रिल-मे महिन्यात कोरडवाहू भागातल्या कोणत्याही रस्त्याने निघा, बांधाबांधावर धूर दिसतो. कुठे बोरीची छाटणी जळत असते, कुठे सीताफळाच्या फांद्या, कुठे धुऱ्यावर राहून गेलेली पऱ्हाटी. हा धूर पाहिला की दोन प्रकारचे शहाणे दोन प्रकारे बोलतात. एक म्हणतो, रान स्वच्छ झाले, रोगकीड गेली, बरे झाले. दुसरा म्हणतो, हा अडाणी शेतकरी सोने जाळतो आहे, त्याला कुजवायला शिकवले पाहिजे. पहिला राखेत काय गेले ते पाहत नाही. दुसरा कुजवायला काय लागते ते पाहत नाही. काडी जमिनीत कशी कुजते, किती दिवसांत कुजते, त्या काळात ती जमिनीकडून काय मागते आणि शेवटी काय देते, हा हिशेब दोघांपैकी कोणीच मांडत नाही. तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. छाटणीची काडी जमिनीलाच गेली पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण आज ती जाळणारा शेतकरी मूर्खपणाने जाळत नाही. त्याच्यापुढे जो हिशेब ठेवला गेला आहे, त्या हिशेबाने जाळणेच परवडते. काडी वाचवायची असेल तर शेतकऱ्याला उपदेश करून भागणार नाही, हिशेब बदलावा लागेल.

बोर, सीताफळ आणि पऱ्हाटी

कापूस-ज्वारीवाल्यांना बागेच्या छाटणीचे काय, असे कोणी विचारील. 1990 साली महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी सांगड घालून फळबाग लागवडीची योजना आणली. तेव्हापासून आपल्यापैकी अनेकांच्या हलक्या रानात, मुरमाड तुकड्यात बोर, सीताफळ, डाळिंब, आंबा उभा राहिला. कोणाची बाग एकराची, कोणाची वीस झाडे बांधावर. बोर तर दरवर्षी छाटावीच लागते, कारण तिला फळ येते ते त्या वर्षीच्या नव्या फुटीवर. म्हणून ऐन उन्हाळ्यात, झाड झोपलेले असताना, काटेरी फांद्यांचा ढीग पडतो. सीताफळाचाही पडतो, थोडा कमी.

शिवाय लाकडाची जात पाहिली तर बोरीची काडी आणि पऱ्हाटी एकाच गोत्रातल्या. तुराटीही त्यांतलीच. ज्याला बाग नाही त्याच्याकडे पऱ्हाटी आहे. तेव्हा बोरीबद्दल जे सांगू त्यातले बहुतेक पऱ्हाटीला लागू आहे. जिथे फरक आहे तिथे तो सांगू.

लाकूड खातो कोण?

पाला लवकर कुजतो, लाकूड उशिरा, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. कारण लाकडाच्या घडणीत आहे. लाकडाचा सर्वांत मोठा भाग सेल्युलोजचा. तो खायला जिवाणू आणि बुरशा तयार असतात. पण त्या सेल्युलोजभोवती लिग्निन नावाच्या चिवट पदार्थाचे लिंपण असते, भिंतीतल्या विटांना चुन्याने धरावे तसे. लाकडात हे लिग्निन साधारण पाचवा ते चौथा हिस्सा भरते. ते फोडण्याचे काम मुख्यतः काही बुरशा करतात. ओल्या जुन्या लाकडावर पांढरट, मऊ कूज दिसते ती त्यांचीच. या बुरशांना दोन गोष्टी लागतात, ओल आणि हवा. दोन्हींतली एक नसेल तर काम थांबते.

आपल्याकडे तिसरा कामगार आहे, उधळी. कोरड्या दिवसांत बुरशी थांबते तेव्हाही उधळी लाकूड खाते. तिला आपण शत्रू मानतो आणि झाडाच्या खोडाशी आली तर ती शत्रूच आहे. पण मेलेली काडी फोडून मातीत मिसळण्याचे बरेच काम कोरडवाहू रानात तीच करते. म्हणून काडी खोडाला टेकवून घालायची नाही, हात-दीड हात मोकळा ठेवायचा, हा साधा नियम.

नत्राची उसनवारी

आता मुख्य अडचणीकडे येऊ. ज्वारीमागे घेतलेले पीक सुरुवातीला पिवळे पडते, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. जुने लोक म्हणत, ज्वारीने जमीन ओढली. ओढली खरी, पण कापणीनंतर राहिलेले धसकट आणि मुळ्या कुजतानाही नत्र अडकून बसते. हे का होते ते कळले की काडीचे सारे गणित कळते.

कुजवणाऱ्या बुरशीला आणि जिवाणूला आपले शरीर बांधायला कर्ब लागतो, तसे नत्र लागते. त्यांच्या अंगात एक भाग नत्राला आठ-दहा भाग कर्ब असतो. खाताना कर्बाचा मोठा हिस्सा ते श्वासावाटे हवेत सोडतात, म्हणून त्यांच्या खाद्यात एक भाग नत्राला पंचवीस भाग कर्ब असला तरी त्यांचे भागते. चांगल्या शेणखतात हे प्रमाण वीसच्या आसपास असते, गिरिपुष्पाच्या पाल्यात त्याहून कमी. हे कुजले की नत्र सुटते आणि पिकाला मिळते. धसकट, पऱ्हाटी, छाटणीची बारीक काडी यांत एका भाग नत्राला पन्नास ते ऐंशी भाग कर्ब असतो. जाड लाकडात शंभराच्या वर. म्हणजे पानात भाकरी भरपूर आणि कालवण नाही. मग जिवाणू कालवण शेजारून उसने आणतात. मातीतले जे नत्र पिकाला मिळणार होते ते उचलतात. काडी कुजून संपत आली आणि जिवाणू मरू लागले की उसने परत मिळते. पण तोवर पीक पिवळे पडून गेलेले असते.

हे किती, ते आकड्यात पाहू. समजा एका एकरात 1 टन वाळलेली काडी निघाली आणि तिच्यात 6 किलो नत्र आहे. टनाला कर्ब साधारण 450 किलो. पावसाळ्यात त्यातला निम्मा, म्हणजे 225 किलो कुजला असे धरा. त्याचा तिसरा हिस्सा, 75 किलो, जिवाणूंच्या शरीरात गेला. दहास एक या प्रमाणाने त्यांना साडेसात किलो नत्र हवे. कुजलेल्या निम्म्या काडीतून मिळाले 3 किलो. तूट साडेचार किलोची. म्हणजे टनाला सुमारे 10 किलो युरिया. ही तूट भरली नाही तर ती पिकाच्या तोंडातून जाते.

कुजवा म्हणून सांगणाऱ्याने या दहा किलोंबद्दलही सांगितले पाहिजे. ते न सांगता कोणी पऱ्हाटी रोटाव्हेटरने मातीत मिसळायला लावतो, पुढच्या हंगामात शेतकऱ्याची ज्वारी पिवळी पडते, आणि तो शेतकरी पुन्हा कधी काडीच्या नादाला लागत नाही. त्यात दोष शेतकऱ्याचा नाही.

कुजायला पाणी लागते

परदेशातली पुस्तके वाचून आपल्याकडे कुजण्याचे महिने सांगितले जातात. आपल्या जमिनीचे घड्याळ निराळे आहे. ऊब आणि ओल दोन्ही असली तर आपल्याकडे थंड मुलखापेक्षा कितीतरी वेगाने कुजते. 1977 साली जेन्किन्सन आणि अयानाबा या दोन शास्त्रज्ञांनी एकाच प्रकारचे गवत इंग्लंडमध्ये आणि नायजेरियात मातीत घालून मोजले. नायजेरियात ते चौपट वेगाने कुजले. पण तो भाग पावसाचा. आपल्याकडे पऱ्हाटी उपटली जाते हिवाळ्यात, बोर छाटली जाते उन्हाळ्यात, आणि मृगापर्यंत मातीत ओल नाही. फेब्रुवारीत काळ्या रानात गाडलेली काडी जूनमध्ये उकरली तर उधळीने खाल्ली तेवढीच कमी झालेली असते.

मग पहिला दमदार पाऊस पडतो आणि तापलेल्या, सुकलेल्या जमिनीत एकदम जीव येतो. सुकून पुन्हा भिजलेल्या मातीत सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजून नत्राचा लोंढा सुटतो, हे पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करताना बर्च या शास्त्रज्ञाने 1958 साली दाखवून दिले. आपल्या पेरणीची वेळ याच लोंढ्यावर बसवलेली आहे. मृगात पेरलेले रोप हिरवेगार निघते त्यात या नत्राचा वाटा असतो. आता विचार करा. याच वेळी मातीत कच्ची काडी मिसळलेली असेल, तर तो लोंढा कोण अडवणार? काडीवरचे जिवाणू. म्हणजे पेरणीच्या तोंडावर कच्ची काडी मातीत घालणे ही सर्वांत वाईट वेळ.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे काडी आधी बाहेर कुजवून मग रानात नेणे. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी हे काम केले. त्यांच्याबरोबर यशवंत वाड होते आणि 1931 चे पुस्तक दोघांच्या नावावर आहे. त्या संस्थेच्या पैशात कापूस समितीचा वाटा होता, त्यामुळे पऱ्हाटीचे काय करायचे हा त्यांच्यापुढचा रोजचाच प्रश्न. टणक पऱ्हाटी आणि तुराटी कुजत नाही, म्हणून ते ती शेतातल्या रस्त्यावर पसरून ठेवत. बैलगाड्यांच्या लोखंडी धावांखाली ती चेचली जाई आणि मग शेण, माती, राख यांच्या थरांबरोबर खड्ड्यात जाई. तीन महिन्यांत खत तयार. लाकूड चेचल्याशिवाय कुजत नाही, ही गोष्ट त्यांनी यंत्राशिवाय सोडवली होती. आज गाडीला रबरी टायर आले. पऱ्हाटी त्याखाली चेचता येईल, पण बोरीचा काटा टाकला तर खत होण्याआधी पंक्चरवाल्याचे भले होईल.

आपल्या विदर्भातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी हे काम पुढे नेले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे झरोक्यांचे विटांचे टाके, त्यात सुमारे 1,400 ते 1,500 किलो काडीकचरा, 90 ते 100 किलो शेण, 1,750 किलो चाळलेली माती आणि दीड ते दोन हजार लिटर पाणी. तीन-चार महिन्यांत खत. यात शेण किती थोडे लागते ते पाहा. ज्याच्या दावणीला एकच जनावर उरले आहे त्यालाही हे जमते. पण पाणी? दोन हजार लिटर म्हणजे दहा बॅरल. ज्या गावाला मे महिन्यात टँकर येतो तिथे हे टाके उन्हाळ्यात भरा म्हणून सांगणे ही थट्टा आहे. तिथे टाके भरायचे ते जून-जुलैत, पावसाच्या पाण्यावर. खत दिवाळीला मिळेल, रब्बीला किंवा पुढच्या खरिपाला वापरा.

गाडू नका, पसरा

बागेत मात्र टाक्याहूनही सोपा मार्ग आहे. झाड जागचे हलत नाही, त्याच्या आळ्यात वखर फिरवायचा नसतो. तिथे काडी बारीक करून जमिनीवर पसरता येते. मातीत मिसळलेल्या काडीला चहूबाजूंनी माती लागते, म्हणून ती चहूबाजूंनी नत्र ओढते. वर पसरलेल्या काडीचा मातीशी संबंध फक्त खालच्या पातळ थरापुरता. उसनवारी तेवढीच. झाडाच्या मुळ्या खोल असतात, त्यांना ती जाणवत नाही. काडी हळू कुजते, पण आपल्याला घाई कुठे आहे? ती कुजेपर्यंत सावलीचे काम करतेच.

वेळ सांगतो. छाटणी झाली की काडी तीन-चार आठवडे उन्हात वाळू द्या. काटे ठिसूळ होतात. रोहिणी-मृगाच्या सुमारास कुट्टी करा. कोरड्या जमिनीवर लगेच पसरू नका, नाही तर पहिल्या हलक्या सरी काडीच पिऊन टाकेल. पहिला दमदार पाऊस होऊन आळे भिजले की मग पसरा. जाड काळ्या रानात काडी खोल गाडण्याच्या भानगडीत पडू नका. श्रावणात तिथे पाणी साचते, हवा कोंडते, लिग्निन फोडणारी बुरशी गुदमरते आणि दोन वर्षांनी तीच काडी तुमच्या फाळाला अडकते.

कोणती जमिनीला, कोणती चुलीला, कोणती आगीला

सगळीच काडी जमिनीला द्या, असे आम्ही म्हणत नाही. गॅसची टाकी घरात आली तरी ती भरायला पैसे लागतात. आपल्या घरांतली चूल अजून पऱ्हाटीवर आणि फांद्यांवर पेटते. ती काडी वेचून, भारा बांधून आणते कोण, हेही सर्वांना माहीत आहे. जमिनीच्या नावाने घरातल्या बाईला चार मैल लांब सरपणाला पाठवणारे शास्त्र आम्हाला नको.

सुदैवाने इथे जमिनीची गरज आणि चुलीची गरज एकमेकींच्या आड येत नाहीत. झाडातले नत्र आणि इतर अन्नद्रव्ये शेंड्याकडे, बारीक फांद्यांत आणि सालीत जास्त असतात. जाड लाकडात फार थोडी. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात लावाल विद्यापीठाच्या जिल लेमिये यांनी फांद्यांच्या कुट्टीवर बरीच वर्षे काम केले. त्यांनी 7 सेंटिमीटरांपेक्षा बारीक फांद्याच जमिनीसाठी योग्य मानल्या. तिकडची थंड ओली माती आणि आपली तापलेली काळी माती यांत फरक आहे, म्हणून आपण त्याहून बारीक धरू. बोटाएवढी आणि त्याहून बारीक काडी जमिनीला, मनगटाएवढी चुलीला. चुलीला बारीक काट्यांचा उपयोग नाही आणि जमिनीला जाड ओंडक्याचा. वाटणी निसर्गानेच करून ठेवली आहे.

काही काडी मात्र आगीतच गेली पाहिजे. डाळिंबावर तेल्या असेल तर त्या बागेची रोगट छाटणी, पाने, फळे आळ्यात पसरणे म्हणजे रोग स्वतःच्या हाताने पेरणे. ती बागेबाहेर नेऊन जाळावी, हेच शास्त्र सांगते. खोडकिड्याने पोखरलेले लाकूडही तसेच. पऱ्हाटीच्या बाबतीत गुलाबी बोंडअळी विसरू नका. 2017 साली तिने आपल्या कापसाची काय दशा केली ते सांगायला नको. उरलेल्या कवड्या बोंडांत अळी सुप्त बसते आणि पऱ्हाटीचा ढीग धुऱ्यावर किंवा जिनिंगजवळ राहिला तर पुढच्या हंगामात तिथून उठते. म्हणून पऱ्हाटी जूनपर्यंत उभी रचून ठेवायची नाही. उपटली की लगेच बारीक करायची. कुट्टी होताना बोंडे आणि अळ्या दोन्ही चिरडतात, मग ती कुट्टी खताच्या ढिगाला सुखाने घालता येते. यंत्र मिळणारच नसेल, तर अळी जपण्यापेक्षा जाळणे बरे. कोणी नाक मुरडले तरी हे आम्ही स्पष्ट सांगतो.

हिशेबाची खोट कुठे आहे

आता पैशाचे बोलू. काडी जाळली की तिच्यातले नत्र आणि गंधक बहुतेक हवेत जाते. पालाश, चुना आणि थोडा स्फुरद राखेत राहतो. वर धरलेल्या 1 टन काडीत नत्र होते 6 किलो, म्हणजे 13 किलो युरिया. युरियाची 45 किलोची गोणी अनुदानित दराने 266 रुपये 50 पैशांना. म्हणजे जळाले सुमारे 77 रुपयांचे नत्र. ते वाचवायचे तर काडी गोळा करा, बारीक करा, पसरा आणि वर 60 रुपयांचा युरिया घाला. कोयत्याने टनभर काटेरी काडीचे तुकडे करायला माणसांचे किती दिवस जातात ते तुम्हीच मोजा. 77 रुपयांसाठी इतकी मजुरी कोण घालील? काडीपेटीची एक काडी ओढली की काम संपते. म्हणून आम्ही म्हणतो, जाळणारा शेतकरी हिशेबी आहे. त्याला अडाणी म्हणणाऱ्याने एकदा कोयता हातात घेऊन पाहावा.

मग खोट कुठे आहे? या हिशेबात फक्त नत्र धरले आहे, पाणी धरलेले नाही. सहा-सहा मीटरवर बोर लावली तर एकरात सुमारे 110 झाडे बसतात. टनभर कुट्टी एकरभर उधळली तर दिसणारही नाही. पण ती फक्त आळ्यांत घातली तर प्रत्येक झाडाला 9 किलो येते आणि दोन चौरस मीटरांवर बोट-सव्वा बोट जाडीचा थर होतो. त्या थराखाली आश्विन-कार्तिकात, फळ पोसत असताना, समजा 10 मिलिमीटर ओल उन्हाने उडायची वाचली. झाडामागे 20 लिटर झाले, एक मोठा हंडा. 110 झाडांना 110 हंडे. हे पाणी विहिरीवरून डोक्यावर आणायचे झाले असते तर त्याची मजुरी काय पडली असती? शिवाय थेंबाचा मार काडीवर पडतो, माती थापली जात नाही, सर आळ्यातच मुरते, सुपीक माती ओढ्याला जात नाही. या कशाचीच किंमत बाजारात लागत नाही, म्हणून ती कोणाच्याच वहीत नाही.

वही बदलण्याचे दोन मार्ग सरकारपुढे असतात. एक दंडाचा. पंजाब, हरियाणा आणि दिल्लीच्या आसपास भाताचा पेंढा जाळण्यावर 2015 साली हरित लवादाने दंड लावला. नोव्हेंबर 2024 मध्ये तो दुप्पट झाला: 2 एकरांखाली 5,000 रुपये, 2 ते 5 एकरांना 10,000, त्यावर 30,000. आपल्याकडेही उद्या कोणाच्या डोक्यात हे येणारच नाही, असे धरून चालू नका. दुसरा मार्ग, काडी बारीक करण्याचे काम स्वस्त करण्याचा. ट्रॅक्टरवर चालणारे कुट्टीयंत्र गावात भाड्याने मिळाले तर माणसाचे दिवसांचे काम तासांवर येते आणि हिशेब आपोआप फिरतो. अवजार बँकांना अनुदान देण्याच्या योजना आहेत. पण सर्वांना यंत्र लागते ते ठरावीक पंधरवड्यांत, पऱ्हाटीला हिवाळ्यात आणि बोरीला मेअखेर. तालुक्याला एक यंत्र असून उपयोग नाही.

तिसराही एक माणूस सध्या गावात येतो, पऱ्हाटी विकत घेणारा. कारखान्याच्या भट्टीसाठी, कांडीकोळशासाठी तो माल नेतो. त्याला माल देऊ नका असे आम्ही म्हणणार नाही. आपला माल आहे, भाव बरा मिळाला तर द्यावा. फक्त भाव सांगताना एवढे लक्षात ठेवा की धूर निघाला तर निदान राख रानात राहते. ट्रकमध्ये गेलेल्या काडीबरोबर पालाशही जातो. तो परत विकत आणायचा भाव आधी काढा, मग सौदा करा.

जास्त आशा लावू नका

जमिनीचा कर्ब वाढवून देतो, त्याचे पैसे मिळवून देतो, असे सांगणारेही आता फिरू लागले आहेत. त्यांच्यासाठी एक गणित. एकराच्या वरच्या अर्ध्या फुटात सुमारे 8 लाख किलो माती असते. सेंद्रिय कर्ब एक दशांश टक्क्याने वाढवायचा म्हणजे 800 किलो कर्ब जमिनीत टिकायला हवा. टनभर काडीतल्या 450 किलोंपैकी बहुतेक हवेत जातो. पाचवा-सहावा हिस्सा मागे टिकला तर 75 ते 90 किलो. म्हणजे दरवर्षी टनभर काडी घातली, जमिनीतला जुना कर्ब अजिबात उडाला नाही असे धरले, तरी दहा वर्षे लागतील. आपल्या उष्णतेत जुना कर्बही उडत असतोच. तेव्हा काडीने दोन वर्षांत जमीन काळीभोर होईल असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. काडी पहिल्या वर्षी पाणी राखते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी माती भुसभुशीत करते, आणि कर्ब ही पुढच्या पिढीसाठी टाकलेली ठेव आहे.

बैठकीपुढे तीन गोष्टी

शेतकरी भावांनो, बहिणींनो, जिल्हा बैठकीत यावर ठराव करायचा तर आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, दर चार-पाच गावांमागे एक कुट्टीयंत्र भाड्याने मिळाल्याशिवाय काडी जाळण्यावर कोणताही दंड आम्ही मान्य करणार नाही, हे आताच सांगून ठेवू. यंत्र आधी, कायदा नंतर.

दुसरी, पिकाचा उत्पादन खर्च काढताना कडबा-पऱ्हाटीच्या किमतीच्या प्रमाणात खर्चाचा वाटा त्यांच्या नावावर टाकला जातो, तेवढा मुख्य मालाचा खर्च कमी दिसतो. जो शेतकरी पऱ्हाटी न विकता जमिनीला देतो, त्याच्या कुट्टीची आणि पसरण्याची मजुरी खताच्या खर्चात धरली गेली पाहिजे. जमीन राखायची ती आम्ही, आणि खर्च कोणाच्याच वहीत नाही, हे चालणार नाही.

तिसरी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, आपणच करायची. ज्याच्याकडे बोर, सीताफळ, काहीही आहे त्याने येत्या पावसाळ्यात दहा झाडांच्या आळ्यात कुट्टी घालावी आणि शेजारची दहा झाडे तशीच ठेवावीत. ज्याच्याकडे फक्त कापूस आहे त्याने पऱ्हाटीचे एक टाके जुलैत भरावे. काडी वजन करून घाला, मजुरीचे तास लिहून ठेवा. दिवाळीनंतर दोन्हीकडच्या आळ्यांत कुदळीने वीतभर उकरून पाहा, ओल कुठे लागते. फळ उतरल्यावर दोन्ही दहा-दहा झाडांचे वजन वेगळे करा. ते आकडे कागदावर लिहून पुढच्या बैठकीला आणा. अधिकाऱ्यांपुढे आणि विद्यापीठापुढे बसायचे तेव्हा आपल्या रानातले आकडे हातात असले पाहिजेत. बागेत काडी तोट्यात जाते असे आकडे म्हणाले, तर तेही आपण तितक्याच मोकळेपणाने सांगू.